अँड्र्यू जॅक्सन नसता तर १८३२ साली अमेरिका फुटली असती का?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. बेळगावात होणाऱ्या आंतरशालेय वादविवाद स्पर्धेसाठी यंदा आमच्या वाट्याला 'अमेरिकेचे राष्ट्रीय ऐक्य टिकवण्यासाठी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन अपरिहार्य होता' हा विषय आला आहे. वॉशिंग्टन आणि लिंकन यांच्याविषयी मराठीत पुष्कळ वाचायला मिळते; त्या दोघांच्या मधला हा सातवा अध्यक्ष मात्र आपल्याकडे वीस डॉलरच्या नोटेवरील चेहऱ्यापलीकडे फारसा कोणाला ठाऊक नाही. जाणकारांनी मदत करावी म्हणून हा धागा काढत आहे.

मला समजलेला घटनाक्रम असा. १८२८ साली अमेरिकी काँग्रेसने परदेशी मालावर चढे आयात शुल्क बसवले. त्यामुळे उत्तरेकडील कारखान्यांना संरक्षण मिळाले. परंतु कापूस पिकवून इंग्लंडला विकणाऱ्या आणि लागणारा पक्का माल बाहेरून घेणाऱ्या दक्षिणेला तो भुर्दंड वाटला. जुलै १८३२ मध्ये दर काहीसे उतरवण्यात आले, तरी कापड आणि लोखंड यांच्यावरील शुल्क चढेच राहिले. तेव्हा दक्षिण कॅरोलिना राज्याने खास अधिवेशन भरवून २४ नोव्हेंबर १८३२ रोजी १३६ विरुद्ध २६ मतांनी ठराव केला की, हे दोन्ही कायदे आमच्या राज्यापुरते रद्दबातल आहेत, १ फेब्रुवारी १८३३ पासून ते शुल्क येथे वसूल होऊ दिले जाणार नाही आणि केंद्राने बळाचा वापर केल्यास आम्ही संघातून बाहेर पडू. यावर १० डिसेंबरला जॅक्सनने खरमरीत जाहीरनामा काढला आणि मार्च १८३३ मध्ये प्रकरण मिटले.

विषयाच्या बाजूने बोलणारी माझी विद्यार्थिनी त्या जाहीरनाम्यावर सगळा भर देते, तर विरोधात बोलणारा विद्यार्थी म्हणतो की, जाहीरनाम्याने काही झाले नाही, सेनेटर हेन्री क्लेने शुल्क उतरवण्याचा तोडगा काढला म्हणून दक्षिण कॅरोलिना शांत झाली. दोघांचीही भाषणे ऐकायला चांगली वाटतात, पण खरे कोणाचे हे मला ठरवता येत नाही. जॅक्सनने आपले काम नीट केले, एवढे दाखवून भागणार नाही. त्या खुर्चीवर दुसरा कोणी असता तर संघ मोडला असता, हे पटवून द्यावे लागेल.

एक विनंती आहे. केंद्र आणि राज्य हे शब्द आले की आपल्या भागातील कोणतीही चर्चा कुठे वळते, हे सर्वांना ठाऊक आहे. तो विषय आपणा सर्वांच्या जिव्हाळ्याचा असला, तरी या धाग्यावर कृपया अमेरिकेपुरतेच बोलावे.


वेदगंगा (निपाणी)

बाई, मी विषयाच्या बाजूचा आहे. मात्र आपल्या विद्यार्थिनीने जाहीरनाम्यावर जेवढा भर दिला आहे, तेवढा मी देणार नाही. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली असली, तरी मुलांना घटनाक्रम पाठ करायला लावण्याऐवजी 'तो माणूस कोणत्या गावचा, कोणत्या गोटातला' हे आधी विचारायला लावावे, ही माझी जुनी खोड अजून गेलेली नाही. जॅक्सनच्या बाबतीत तर सगळी मेख तिथेच आहे.

जॅक्सन दक्षिणेचा होता. टेनेसीत नॅशव्हिलजवळ त्याचा हर्मिटेज नावाचा मळा होता, तिथे कापूस पिकत असे आणि तो पिकवणारे लोक त्याचे गुलाम होते. राज्यांच्या अधिकारांचा तो कैवारी मानला जाई; १८३० साली केंटकीतील मेजव्हिल रस्त्याला केंद्राचा पैसा देणारे विधेयक त्याने नकाराधिकार वापरून परत पाठवले होते. त्याचा जन्म १७६७ साली वॅक्सहॉ नावाच्या वस्तीत झाला, जी उत्तर आणि दक्षिण कॅरोलिना यांच्या अगदी सीमेवर होती, आणि तो आमच्याच हद्दीत जन्मला असा दावा ही दोन्ही राज्ये आजही करतात. (बाईंच्या विनंतीला मान देऊन मी यावर अधिक काही बोलत नाही.) तो स्वतः मात्र आपण दक्षिण कॅरोलिनाचे असे सांगे, आणि १० डिसेंबरच्या जाहीरनाम्यात त्याने तेथील लोकांना 'माझ्या जन्मराज्याच्या बांधवांनो' अशीच हाक मारली आहे.

असा माणूस आपल्याच बाजूने उभा राहील, अशी दक्षिण कॅरोलिनाच्या पुढाऱ्यांची अटकळ होती. १३ एप्रिल १८३० रोजी वॉशिंग्टन शहरात जेफरसनच्या जयंतीनिमित्त मेजवानी झाली. एकामागून एक वक्ते उठून राज्यांच्या हक्कांचे गोडवे गात होते. जॅक्सनची पाळी आली तेव्हा त्याने प्याला उचलून एवढेच म्हटले की, आपला संघ टिकलाच पाहिजे. त्याचा उपाध्यक्ष जॉन कॅल्हून, जो रद्दबातलीच्या सिद्धान्ताचा खरा कर्ता होता आणि ज्याने १८२८ साली आपले नाव झाकून त्याचे प्रतिपादन लिहून दिले होते, त्याने लगेच उत्तर दिले की, आमच्या स्वातंत्र्याखालोखाल संघ आम्हाला प्रिय आहे. जेवणाच्या पंगतीतच दोघांची फारकत जाहीर झाली. पुढे २८ डिसेंबर १८३२ रोजी कॅल्हूनने उपाध्यक्षपदाचा राजीनामा दिला. तसे करणारा तो अमेरिकेचा पहिला उपाध्यक्ष.

आता दुसरा कोणी असता तर, या प्रश्नाकडे येतो. १८२८ च्या कायद्यावर सही करणारा जॉन क्विन्सी अॅडम्स अध्यक्षपदी राहिला असता, तर मॅसॅच्युसेट्सच्या त्या माणसाने काढलेला प्रत्येक हुकूम दक्षिणेत कारखानदारांचा हुकूम म्हणून वाचला गेला असता. जॅक्सनला तसे म्हणण्याची सोय नव्हती. नोव्हेंबर १८३२ च्या निवडणुकीत तो २१९ निर्वाचक मतांनी पुन्हा निवडून आला आणि दक्षिणेतील बहुतेक राज्ये त्याच्या पाठीशी होती. दक्षिण कॅरोलिनाने मात्र आपली ११ मते व्हर्जिनियाच्या जॉन फ्लॉइडला देऊन टाकली. अर्थात, ठराव होण्याआधीच ते राज्य एकटे पडले होते, आणि ते एकटे पडण्याचे कारण जॅक्सन हा होता.

शेवटचा मुद्दा वसुलीचा, आणि आपल्या विद्यार्थिनीने हाच नीट समजून घ्यावा. त्या काळी चार्ल्सटन बंदरात माल उतरला की व्यापारी शुल्क रोख न भरता हमीपत्र लिहून देत आणि मुदतीत पैसे भरत. रद्दबातलवाद्यांचा डाव असा होता की, व्यापाऱ्याने मुदत संपल्यावर पैसे भरू नयेत, सरकारने माल अडकवला तर राज्याच्या न्यायालयात जाऊन तो सोडवून घ्यावा, आणि त्या न्यायालयांतील पंचांना ठराव पाळण्याची शपथ आधीच दिलेली असावी. म्हणजे गोळी न झाडता कायदा मोडला जाईल, आणि तो पुन्हा लागू करण्यासाठी पहिला हात केंद्रालाच उचलावा लागेल. जॅक्सनने जानेवारी १८३३ मध्ये काँग्रेसकडे मागणी केली ती याच डावावरचा उतारा म्हणून. जकात कचेरी शहरातून हलवून बंदरातील किल्ल्यात किंवा जहाजावर न्यावी, माल किनाऱ्याला लागण्यापूर्वी शुल्क रोख घ्यावे आणि अशा खटल्यांची सुनावणी केंद्राच्या न्यायालयात व्हावी. असे झाले की शुल्क चुकवू पाहणाऱ्याला पाण्यात उतरून किल्ल्यावर चाल करून जावे लागणार. पहिला हात उचलण्याची जबाबदारी राज्याच्या गळ्यात पडली. जनरल विनफील्ड स्कॉट तेव्हा चार्ल्सटनच्या किल्ल्यांची डागडुजी करून घेत होता, आणि शहरातील संघनिष्ठांचा पुढारी जोएल पॉइन्सेट अध्यक्षाला नियमित पत्रे पाठवत होता. तापट म्हणून ख्याती असलेल्या, द्वंद्वयुद्धात माणूस मारलेल्या या अध्यक्षाने एकही गोळी झाडू न देता हा पेच हाताळला, याचे मला अजूनही नवल वाटते.


काळा कोट (बेळगाव)

सरांनी वसुलीची बाजू इतकी उत्तम मांडली आहे की तिच्यात भर घालण्यासारखे काही नाही. तरीही त्यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही, आणि मॅडम, आपल्या विद्यार्थ्याच्या हाती क्लेच्या तोडग्याहून अधिक दारूगोळा आहे.

पहिली गोष्ट ही की, दक्षिण कॅरोलिनाला एकटे पाडण्याचे श्रेय एकट्या जॅक्सनला देता येत नाही. अलाबामा, मिसिसिपी, जॉर्जिया, उत्तर कॅरोलिना या शेजारी राज्यांनी रद्दबातलीचा सिद्धान्त आपापल्या विधिमंडळांत फेटाळला. खुद्द दक्षिण कॅरोलिनातही सगळे एका बाजूला नव्हते. ऑक्टोबर १८३२ च्या निवडणुकीत रद्दबातलवाद्यांना सुमारे २५ हजार, तर संघनिष्ठांना सुमारे १७ हजार मते पडली होती. सर्वांत मोठा धक्का दिला तो जेम्स मॅडिसनने. राज्यघटना घडवणाऱ्यांतील हा अग्रणी तेव्हा ऐंशी वर्षांचा होऊन व्हर्जिनियात आपल्या घरी होता. कॅल्हूनचे लोक केंद्राच्या कायद्यांना आक्षेप घेणाऱ्या त्याच्याच १७९८ च्या ठरावांचा दाखला देत असत. मॅडिसनने लेखी सांगितले की, एकट्या राज्याने केंद्राचा कायदा आपल्यापुरता रद्द करावा, असा अर्थ त्या ठरावांतून निघत नाही. ज्या दस्तऐवजावर दावा उभा आहे, त्याचा कर्ताच साक्षीला येऊन उलट सांगतो, तेव्हा दाव्याचे काय होते हे आम्ही वकील रोज पाहतो.

दुसरी गोष्ट जाहीरनाम्याची. तो परराष्ट्रमंत्री एडवर्ड लिव्हिंग्स्टन याच्या लेखणीतून उतरला होता. संघ हा राज्यांनी केलेला करार नसून एका जनतेने निर्माण केलेले शासन आहे आणि शस्त्राच्या बळावर फुटून निघणे हा राजद्रोह आहे, असे त्यात ठणकावून सांगितले होते. कायद्याच्या दृष्टीने तो माझ्या मते बिनतोड आहे. पण राजकारणाच्या दृष्टीने त्याने जॅक्सनच्या स्वतःच्या दक्षिणी मित्रांना बिथरवले. व्हर्जिनियाने दक्षिण कॅरोलिनाच्या ठरावाला संमती दिली नाही, तशी या जाहीरनाम्यालाही दिली नाही, आणि बेंजामिन वॉटकिन्स ली याला मध्यस्थ म्हणून पाठवले. एकटे पडलेले राज्य या जाहीरनाम्यामुळेच पुन्हा दुकटे होण्याची वेळ आली होती. २१ जानेवारी १८३३ रोजी चार्ल्सटनच्या सभेत रद्दबातलवाद्यांनी १ फेब्रुवारीची मुदत पुढे ढकलली, ती शुल्क उतरवण्याचे विधेयक काँग्रेसपुढे आले होते म्हणून. जॅक्सनने जानेवारीत मागितलेला बलप्रयोगाचा कायदा तेव्हा संमतही झालेला नव्हता.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ३ मार्च १८३२ रोजी, म्हणजे दक्षिण कॅरोलिनाच्या ठरावाच्या जेमतेम नऊ महिने आधी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वूस्टर विरुद्ध जॉर्जिया या खटल्यात निकाल दिला की, चेरोकी या आदिवासी लोकांच्या भूमीत जॉर्जिया राज्याचे कायदे चालत नाहीत आणि तेथे राहिल्याबद्दल राज्याने तुरुंगात टाकलेल्या मिशनऱ्यांची शिक्षा बेकायदेशीर आहे. जॉर्जियाने तो निकाल धाब्यावर बसवला. जॅक्सनने काहीही केले नाही. ('मार्शलने निकाल दिला आहे, आता त्यानेच तो अमलात आणावा' हे सरन्यायाधीश मार्शलविषयी जॅक्सनच्या तोंडी घातले जाणारे वाक्य त्याने उच्चारल्याचा समकालीन पुरावा नाही, विद्यार्थ्याने ते वापरू नये, परीक्षकांत कोणी वाचलेला असेल तर पंचाईत होईल.) एका राज्याने केंद्राचे शुल्क नाकारले तेव्हा तो राजद्रोह ठरला, दुसऱ्याने केंद्राच्या न्यायालयाचा निकाल नाकारला तेव्हा डोळेझाक झाली. ज्याला संघाची चाड होती, त्याने हा भेद कसा केला?

डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना सांगितले होते की, राज्यांना फुटून निघण्याचा अधिकार नाही हे सिद्ध करण्यासाठी अमेरिकनांना यादवी युद्ध करावे लागले, म्हणून आपण ते आरंभीच स्पष्ट केलेले बरे. याचा अर्थ १८३३ साली काहीही सिद्ध झाले नव्हते. अपरिहार्य माणसाने सोडवलेला प्रश्न अठ्ठावीस वर्षांनी त्याच चार्ल्सटन बंदरात पुन्हा उभा राहतो, तेव्हा तो सुटला होता असे मी म्हणणार नाही.


उसाचा बांध (चिकोडी)

एक गोष्ट दोघांच्याही बोलण्यात आली नाही, ती भावाची. १८१८ च्या सुमारास चार्ल्सटनच्या बाजारात कापूस पौंडाला तीस सेंटच्या घरात होता. १८३० च्या आसपास तो दहा सेंटच्या आत-बाहेर आला. एकाच पिकावर उभ्या असलेल्या मुलखाचा भाव पडला की काय होते, हे निपाणीच्या तंबाखूवाल्यांना कोणी समजावून सांगायला नको. भाव पडतो दूरच्या बाजारात आणि राग निघतो जवळच्या कचेरीवर. दक्षिण कॅरोलिनाचा राग शुल्कावर निघाला.

पण भाव पडण्याचे खरे कारण शुल्क नव्हते. अलाबामा आणि मिसिसिपीतील नव्या, काळ्या, कसदार जमिनींत कापूस इतका पिकू लागला की थकलेल्या मातीचा दक्षिण कॅरोलिना त्यापुढे टिकेना. शुल्काचा भार अलाबामाच्या शेतकऱ्यावरही तेवढाच होता. तरीही तो बंडात सामील झाला नाही, कारण त्याचे भागत होते. वकीलसाहेब म्हणतात तसे शेजारी राज्यांनी साथ दिली नाही, पण तिचे श्रेय मी मॅडिसनलाही देणार नाही आणि जॅक्सनलाही देणार नाही. ते त्या जमिनीला द्यावे लागेल. आता ती जमीन चेरोकी, क्रीक, चोक्टॉ यांच्याकडून कोणी काढून घेतली, तर ती बऱ्याच अंशी जॅक्सननेच, आधी सेनापती म्हणून आणि मग आदिवासींना पश्चिमेकडे हलवणाऱ्या १८३० च्या कायद्याने अध्यक्ष म्हणून. तेव्हा फिरून गाडी त्याच्याच दाराशी येते, हे मान्य आहे.


मलप्रभाकाठ (खानापूर)

सर्वांचे आभार. जमिनीचा मुद्दा मला अगदीच नवा आहे. एक शंका विचारते: दक्षिण कॅरोलिनातच हे टोक का गाठले गेले? केवळ भाव पडला म्हणून एखादे राज्य संघ सोडण्याची भाषा करील, हे मुलांना पटत नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही पटत नाही.


धबधबा (गोकाक)

मॅडम, आपल्या शंकेचे उत्तर त्या राज्याच्या लोकसंख्येत आहे. १८३० च्या शिरगणतीत दक्षिण कॅरोलिनातील निम्म्याहून अधिक माणसे गुलाम होती, आणि किनाऱ्यालगतच्या भातशेतीच्या पट्ट्यात तर गोरे लोक मूठभरच होते. १८२२ साली चार्ल्सटनमध्ये डेन्मार्क व्हेसी या स्वतंत्र कृष्णवर्णीयाने उठावाचा कट केल्याचा आरोप ठेवून त्याच्यासह पस्तीस जणांना फाशी देण्यात आली. त्यानंतर त्या राज्याने कायदा केला की, बंदराला लागलेल्या जहाजावरील स्वतंत्र कृष्णवर्णीय खलाशांना जहाज सुटेपर्यंत तुरुंगात ठेवावे. १८२३ साली केंद्राच्या न्यायाधीशाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला आणि राज्याने तो तरीही चालवला. म्हणजे रद्दबातलीची सवय शुल्काच्या आधीच लागलेली होती. ऑगस्ट १८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामाचा उठाव झाला, तेव्हा ती भीती दुणावली. जे केंद्र आज आपल्या संमतीशिवाय शुल्क लादते, ते उद्या बहुमताच्या जोरावर गुलामगिरीलाही हात घालील, हा तो धसका होता.

जॅक्सनला हे पुरते कळले होते. १ मे १८३३ रोजी, प्रकरण मिटल्यावर, त्याने एका पत्रात लिहिले की, शुल्क हे निमित्त होते, खरा हेतू संघ मोडून दक्षिणेचे वेगळे राज्य करण्याचा होता, आणि पुढचे निमित्त गुलामगिरीचे असेल. इतके स्वच्छ दिसत असताना त्याने काय केले, हे पाहण्यासाठी दोन वर्षे पुढे जावे. जुलै १८३५ मध्ये त्याच चार्ल्सटनमध्ये जमावाने टपाल कचेरी फोडून गुलामगिरीविरोधी पत्रके सर्वांदेखत जाळली. टपाल हे केंद्राचे खाते आणि पत्रके पोहोचवणे हे त्याचे कर्तव्य. परंतु जॅक्सनच्या टपालमंत्र्याने अशी पत्रके अडवून ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना मोकळीक दिली आणि खुद्द जॅक्सनने त्या वर्षाच्या अखेरीस काँग्रेसला विनंती केली की, दक्षिणेत अशी पत्रके जाऊच नयेत असा कायदा करावा. शुल्काच्या पेटीसाठी जहाजे सज्ज ठेवणारा अध्यक्ष टपालाच्या पिशवीसाठी बोटही उचलत नाही.

म्हणून मला हा विषय जसा दिला आहे तसाच अपुरा वाटतो. जॅक्सनने ऐक्य राखले हे मी मानते, पण ते गोऱ्या मतदारांच्या ऐक्याचे राखणे होते, आणि त्याची किंमत चेरोकींनी १८३८ साली आपली भूमी सोडून आणि गुलामांनी आणखी तीस वर्षे गुलाम राहून चुकवली. विरोधी बाजूच्या विद्यार्थ्याला परीक्षकांसमोर हे बोलायचे धाडस असेल, तर त्याने क्लेला बाजूला ठेवावे.


वेदगंगा (निपाणी)

गोकाकच्या ताईंनी जे लिहिले आहे, त्यातील एकही अक्षर मला खोडता येत नाही, आणि खोडायची इच्छाही नाही. मात्र ज्याने ऐक्य राखले तो न्यायी होता असे मी कुठेही म्हटलेले नाही. वकीलसाहेबांच्या जॉर्जियाच्या मुद्द्याचे उत्तर मला द्यायचे आहे. जॉर्जियाच्या गव्हर्नरने त्या मिशनऱ्यांना जानेवारी १८३३ मध्ये तुरुंगातून सोडले. तारीख पाहा: दक्षिण कॅरोलिनाची मुदत संपायला तीन आठवडेही उरले नव्हते. जॅक्सनच्या माणसांनी पडद्यामागून खटपट करून ते प्रकरण मिटवून घेतले, कारण जॉर्जियाला न्यायालयाचा निकाल पाळायला लावले असते तर ते राज्य दुसऱ्या दिवशी कॅल्हूनच्या मांडवात जाऊन बसले असते. हे नीतीला धरून होते का? मुळीच नव्हते. पण एका राज्याशी भिडायचे असेल तर त्याच वेळी दुसऱ्याला अंगावर घ्यायचे नाही, हे शहाणपण त्यात होते, आणि आपला वाद ऐक्य कोणी राखले एवढ्यापुरता आहे.

१८६१ मध्ये प्रश्न पुन्हा उभा राहिला म्हणून १८३३ साली काही साधले नाही, हे म्हणणेही मला मान्य नाही. डिसेंबर १८६० मध्ये अध्यक्ष ब्युकॅनन काँग्रेसला सांगत होता की, राज्यांना फुटण्याचा अधिकार नाही, परंतु त्यांना सक्तीने रोखण्याचा अधिकार केंद्रालाही नाही. त्याच महिन्यात दक्षिण कॅरोलिना फुटले आणि फेब्रुवारी संपण्यापूर्वी आणखी सहा राज्ये त्याच्यामागे गेली होती. लिंकन आपले पहिले अध्यक्षीय भाषण लिहायला बसला तेव्हा त्याने मागवून घेतलेल्या मोजक्या कागदांत राज्यघटना होती, सेनेटर डॅनियल वेबस्टरचे आणि क्लेचे भाषण होते, आणि जॅक्सनचा जाहीरनामा होता.


काळा कोट (बेळगाव)

सर, ब्युकॅननसमोर सात राज्ये होती, जॅक्सनसमोर एक. दोघांना एकाच तागडीत घालणे योग्य नाही. शिवाय जाहीरनामा लिंकनच्या उपयोगी पडला, ही त्या कागदाच्या मसुद्याची थोरवी आहे, आणि तो मसुदा लिव्हिंग्स्टनचा होता. क्लेविषयी तर आपण काहीच लिहिले नाही. २० टक्क्यांवरील सर्व शुल्के टप्प्याटप्प्याने उतरवून १८४२ पर्यंत २० टक्क्यांवर आणायची, हा त्याचा तोडगा नसता तर दक्षिण कॅरोलिनाने माघार कशाच्या आधारावर घेतली असती? लोकांना घरी परतण्यासाठी काही तरी हाती द्यावे लागते, हे तडजोडीच्या खटल्यांतील पहिले सूत्र आहे.


वेदगंगा (निपाणी)

वकीलसाहेब, क्लेचा तोडगा मोलाचा होता, यात शंका नाही. प्रश्न असा आहे की तो क्लेला काढता आला कसा.

१८३२ च्या निवडणुकीत जॅक्सनच्या विरोधात उभा राहिलेला उमेदवार क्लेच होता आणि त्याला ४९ निर्वाचक मते मिळाली. समजा तो जिंकला असता. संरक्षक शुल्काचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता म्हणून साऱ्या देशात ज्याचे नाव झाले होते, तोच अध्यक्ष झाल्यावर दक्षिण कॅरोलिनाच्या ठरावाला दक्षिणेतून तेव्हा मिळाला तसा नकार मिळाला असता का? व्हर्जिनिया मध्यस्थ पाठवत बसली असती का? आणि अध्यक्ष या नात्याने त्याला स्वतःचे शुल्क धमकीखाली उतरवणे शक्य झाले असते का? माझ्या मते नाही. क्ले मध्यस्थ होऊ शकला, कारण तो त्या खुर्चीवर नव्हता, आणि खुर्चीवर जो बसला होता त्याच्याविषयी क्ले आणि कॅल्हून या दोघांनाही सारखाच तिटकारा होता. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोघे फेब्रुवारी १८३३ मध्ये एका विधेयकावर एक झाले, ते जॅक्सनच्या हातून मिटण्यापेक्षा आपल्या हातून मिटलेले बरे, या ईर्ष्येने. कॅल्हूनला घाई होती, कारण बलप्रयोगाचे विधेयक सेनेटमध्ये ३२ विरुद्ध १ मताने संमत झाले होते. तो आणि त्याचे साथीदार मतदानापूर्वीच सभागृहातून निघून गेले आणि विरोधात एकटा व्हर्जिनियाचा जॉन टायलर उरला. शुल्क उतरवणे जॅक्सनलाही नको होते असे नाही. ४ डिसेंबरच्या वार्षिक संदेशात त्याने स्वतःच तशी शिफारस केली होती. त्याला एवढेच हवे होते की, शुल्क काँग्रेसने उतरवावे, दक्षिण कॅरोलिनाने रद्द करू नये. २ मार्च १८३३ रोजी त्याने दोन्ही कायद्यांवर एकाच दिवशी सही केली.

बाई, आपल्या विद्यार्थिनीला सांगा की, त्या २ मार्चपासून भाषणाला सुरुवात करावी आणि तिथून मागे जावे. १५ मार्चला दक्षिण कॅरोलिनाच्या अधिवेशनाने शुल्कविषयक ठराव मागे घेतला, आणि १८ तारखेला तोंडदेखला बाणा राखण्यासाठी बलप्रयोगाचा कायदा आपल्यापुरता रद्द केला. वसूल करण्याजोगे शुल्क सुरळीत भरले जात असल्यामुळे त्या कायद्याची तेव्हा कोणालाच गरज उरली नव्हती, आणि जॅक्सनने त्या ठरावाची दखल घेण्याचे टाळले.